सहलीच्या अर्जात एक ओळ वाढवा

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझच्या सहलींवर पानभर मजकूर आला होता. बोटीवरचं जेवण, नाचगाणी, पोहण्याचे तलाव, सगळं वाचलं. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं सिंगापूरहून पेनांग आणि परत अशा तीन रात्रींच्या क्रूझला जाऊन आलो, त्यामुळे बरंचसं डोळ्यांपुढे उभंही राहिलं. पण ज्या गोष्टीपायी त्या बोटीवरची माझी पहिली रात्र जागून गेली, तिचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. ते झोपले की घशातले स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. घोरणं एकदम थांबतं. बाजूला झोपलेल्याला वाटतं, चला, आता शांत झोप लागली. ती शांतता फसवी असते. मी त्या शांततेत आकडे मोजायचे. पंधरा, वीस, कधी तीस, आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास. सकाळी यांना काहीही आठवायचं नाही. फक्त डोकं जड असायचं आणि पेपर वाचता वाचता डोळा लागायचा. २०१९ साली पुण्यात झोपेची तपासणी झाली, तेव्हा तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं. तीसच्या वर गेलं की तो आजार तीव्र समजतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून उशाशी सीपॅपचं यंत्र आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा याच आजाराचं नाव सगळ्या बातम्यांत आलं आणि आमच्या गल्लीतल्या चार घरांनी आम्हाला विचारलं, तुमच्याकडे आहे ते हेच का?

हे यंत्र ऑक्सिजनचं नाही, हे आधी सांगते, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. खोलीतलीच हवा ते गाळून घेतं आणि नळीतून, नाकावरच्या मास्कमधून ठरावीक दाबाने आत सोडतं. त्या दाबाने घसा उघडा राहतो, बाकी काही नाही. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी हा उपाय शोधला आणि आज जगभर लोक तो लावून झोपतात. चष्मा लावणाऱ्याला आपण पेशंट म्हणत नाही, तसंच हेही.

सहल एका नावाजलेल्या कंपनीतर्फे होती. नाव लिहीत नाही, कारण मला भांडण काढायचं नाही. नोंदणीचा अर्ज चार पानी होता. जेवण शाकाहारी की मांसाहारी, जैन का, कांदा-लसूण चालतो का, उपवास कोणते, लग्नाचा वाढदिवस सहलीत येतो का म्हणजे केक कापता येईल, इतकं सगळं त्यात विचारलं होतं. मधुमेह आणि रक्तदाबापुढे खूण करायला चौकटी होत्या. झोपेच्या यंत्राबद्दल काहीच नव्हतं. मी कार्यालयात फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, ऑक्सिजनवाले पेशंट आम्ही नेत नाही." मी समजावून सांगेपर्यंत यांनी खुणेने फोन ठेवायला लावला. म्हणाले, कशाला सगळ्यांना सांगायचं, उगाच जागा रद्द करतील. मीही गप्प बसले. ते चुकलंच आमचं.

विमानाचा प्रवास नीट झाला. यंत्र हातातल्या बॅगेत होतं. मुंबईला सुरक्षा तपासणीत लॅपटॉपसारखं बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, संपलं. घोळ झाला तो सिंगापूरच्या धक्क्यावर. सहलप्रमुख म्हणाला, मोठ्या बॅगा इथेच द्या, संध्याकाळपर्यंत खोलीत येतील, मोकळ्या हाताने चला. रात्रभरच्या विमानाने सगळेच शिणले होते. यांनी हातातलं यंत्र काढून मोठ्या बॅगेत कोंबलं. त्याच बॅगेत मी घरचा स्पाइक गार्डचा बोर्ड ठेवला होता, मोबाइल, कॅमेरा आणि यंत्र एकदम लावता यावं म्हणून.

संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा दारांशी येऊन पडल्या, आमची एक आली नाही. आठ वाजले, नऊ वाजले. काउंटरवर तीनदा गेले. तिथल्या मुलीने संगणकात बघून सांगितलं की बॅग सुरक्षा विभागाने अडवली आहे, आत मनाई असलेली वस्तू आहे, तुमची पाळी आली की बोलावतील. हे खोलीत बसल्या बसल्या झोपी गेले. दिवसभर चाललेला माणूस, त्याला किती वेळ उठवून बसवणार? मी पलंगाच्या कडेवर बसले आणि सहा वर्षांनी पुन्हा आकडे मोजायला लागले. बोट सुटली होती, खिडकीतून सिंगापूरचे दिवे मागे जाताना दिसत होते. एकदा सत्तावीसपर्यंत मोजलं आणि खांद्याला धरून हलवलं. एरवी मास्कच्या कडेने हवेची बारीक शीळ येते, ती ऐकू येत असेल तरच मला झोप लागते, हे त्या रात्री कळलं.

बॅग मिळाली साडेअकराला. बोर्ड त्यांनी ठेवून घेतला, पावती दिली. यंत्र घेऊन खोलीत आलो तर सॉकेट फक्त आरशाच्या टेबलापाशी, एक अमेरिकन चपट्या पिनांचं आणि एक युरोपियन गोल पिनांचं. आमच्या जाड पिना दोन्हीत बसेनात. अ‍ॅडाप्टर पर्समध्ये होता म्हणून निभावलं. व्होल्टेजची चिंता नव्हती, यंत्राच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. पण वायर पलंगापर्यंत पोहोचेना. शेवटी यांना पायथ्याकडे डोकं करून झोपवलं आणि यंत्र जमिनीवर ठेवलं. ते पलंगापेक्षा खाली असलेलं बरंच असतं, नाही तर बोट हलली की हवा ओलसर करण्यासाठी यंत्राला असलेल्या टाकीतलं पाणी नळीतून मास्ककडे येऊ शकतं. अर्थात त्या रात्री टाकीत पाणी नव्हतंच. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालतात, ते आमच्याकडे नव्हतं. साध्या पाण्यातले क्षार टाकीच्या तळाशी धरतात, म्हणून मी नळाचं घातलं नाही. एसीच्या कोरड्या हवेत रात्रभर कोरडा वारा ओढून सकाळी यांची जीभ टाळ्याला चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मी पुन्हा काउंटरवर गेले, या वेळी सगळं सांगायचंच असं ठरवून. त्यांनी खोलीत इलेक्ट्रिशियन पाठवला. मुलगा देवगडचा निघाला. मी बोर्ड परत मागितला तर म्हणाला, "काकी, ह्यो बोर्ड घरात बरो, बोटीर नको." मग टेबलावर बोटाने रेघा ओढत त्याने कारण सांगितलं. घरच्या विजेच्या दोन तारांपैकी न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते. बोटीवर तसं करत नाहीत. दोन्ही तारा बोटीच्या लोखंडी सांगाड्यापासून वेगळ्या ठेवतात, म्हणजे एकीत बिघाड झाला तरी वीज लगेच जात नाही. स्पाइक गार्डच्या आत विजेचा जादा दाब अर्थिंगला सोडणारे बारीक भाग असतात. तशा बिघाडात त्यांच्यावर सतत दाब राहतो, ते तापतात आणि पेटूही शकतात. भर समुद्रात आग लागली तर पळणार कुठे, काकी? एवढं ऐकल्यावर माझा राग गेला. घरी आल्यावर मुलाने शोधून दाखवलं, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ सालीच बोटींवरच्या अशा बोर्डांबद्दल इशारा दिलेला आहे. म्हणजे नियम बरोबरच आहे. फक्त तो आम्हाला निघण्याआधी कुणीतरी सांगायला हवा होता.

त्या मुलाने तासाभरात बोटीची स्वतःची, स्पाइक गार्ड नसलेली एक्स्टेन्शन वायर आणून दिली. दुपारी डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या आल्या. एक पैसाही लागला नाही. जाता जाता तो म्हणाला की नोंदणीच्या वेळी कळवलं असतंत तर वायर आणि पाणी तुमच्या आधी खोलीत येऊन बसलं असतं, असे दहा-वीस प्रवासी आमच्याकडे प्रत्येक फेरीला असतात. बोटीच्या कंपनीचा त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. तो सहल कंपनीकडून आमच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. त्या संध्याकाळी समुद्र जरा उसळला होता, तेव्हा सहलप्रमुखाने प्रेमाने सगळ्यांना जेवणाआधी उलटीच्या गोळ्या वाटल्या. मी यांच्या हातातली गोळी काढून घेतली. लोकांना ते आगाऊपणाचं वाटलं असेल. पण उलटीच्या काही गोळ्यांनी चांगलीच गुंगी येते. झोपेची गोळी आणि दारू यांनी घसा आणखी सैल पडतो, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. अ‍ॅप्नियाच्या माणसाने अशी गोळी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. छत्तीस जणांना एकाच पाकिटातून गोळ्या वाटणं मला तरी बरोबर वाटत नाही. मी बोटीवरच्या दवाखान्यात जाऊन विचारलं. तिथल्या नर्सने यांना डेकवर मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत बसायला सांगितलं, आणि तेवढ्याने भागलं.

शेवटच्या रात्री आमच्याच ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमच्याकडे मशीन आहे म्हणे? त्यांच्याकडेही होतं, घरी कपाटात. बायकोला बोटीवर लाज वाटेल म्हणून आणलं नव्हतं. आधीच्या दोन्ही रात्री ते बिनमास्कचे झोपले होते. यांनी त्यांना आमच्या खोलीत नेऊन वायर, पाणी, सगळं दाखवलं. नोंदणीच्या वेळी मला फोन ठेवायला लावणारा हाच माणूस, तो त्या रात्री अर्धा तास परक्या माणसाला मास्क कसा धुवायचा ते सांगत होता.

परत आल्यावर मी सहल कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे". नवा अर्ज मागवून पाहिला, त्यात केकची चौकट आहे, ही अजून नाही. माझं मागणं एका ओळीचं आहे आणि ते सगळ्याच सहल कंपन्यांकडे आहे: "आपण झोपताना श्वासाचं यंत्र वापरता का? असल्यास एक्स्टेन्शन वायर व डिस्टिल्ड वॉटर हवे का?" त्याखाली दोन सूचना छापा, यंत्र कायम हातातल्या बॅगेत ठेवा आणि स्पाइक गार्ड आणू नका. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी अर्जात जागा नसली तरी समासात लिहावं आणि बोटीच्या कंपनीपर्यंत ते पोहोचल्याचं लेखी मागून घ्यावं.

उन्हाळी सुटीतल्या सहलींची नोंदणी सध्या जोरात सुरू आहे. ती संपण्याआधी हे पत्र छापता आलं तर उपकार होतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कराड