चिनू, बॉक्स आणते, पण कुठला?

प्रिय चिनू,

तुझा मेसेज मिळाला. येताना आपल्या मॅजिक: द गॅदरिंग ह्या कार्डांच्या खेळाच्या नव्या सेटचा, म्हणजे एकदम बाजारात येणाऱ्या नव्या कार्डांच्या संचाचा, पाकिटांनी भरलेला एक बॉक्स घेऊन ये म्हणतोयस. आणेन रे, पण नवा म्हणजे कुठला? तू मेसेज टाकलास तेव्हा जो नवा होता तो आता मागे पडलाय, त्याच्या पुढच्याचे स्पॉयलर, म्हणजे कार्डांच्या आगाऊ झलका, संपत आलेत आणि त्याच्याही पुढच्याची प्री-ऑर्डर सुरू झालीये, मी बॅग भरेपर्यंत अजून काय काय येईल देव जाणे. फोनवर सांगायला गेले की तू "अगं जास्त सेट म्हणजे जास्त मजा" म्हणून विषय संपवतोस, म्हटलं लिहूनच काढते सगळं. निवांत वाच. आणि आईला वाचून दाखवू नकोस, पुढे डॉलरचे आकडे आहेत.

2025 सालचंच बघ ना. मॅजिकचे स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडच्या सेटची कार्डं चालतात त्या प्रकारात, चालणारे सहा सेट आले. फेब्रुवारीत एथरड्रिफ्ट, एप्रिलमध्ये टारकिर ड्रॅगनस्टॉर्म, मग 13 जूनला फायनल फँटसी, 1 ऑगस्टला एज ऑफ इटर्निटीज, 26 सप्टेंबरला स्पायडर-मॅन, 21 नोव्हेंबरला अवतार. जूनपासून मोजलंस तर दर सात-आठ आठवड्यांनी एक. आणि हे फक्त मोठे सेट हं. जानेवारीतला इनिस्ट्राड रीमास्टर्ड वेगळा, बऱ्याच सेटबरोबर येणारे कमांडर ह्या दुसऱ्या प्रकारासाठीचे तयार डेक (खेळायचे गठ्ठे) वेगळे, आणि कंपनी स्वतःच्या साइटवर वर्षभर विकते ते सीक्रेट लेअर नावाचे छोटे संच तर मी मोजायचंच सोडून दिलंय. 2026 साठी तर सात सेट जाहीर केले.

आता त्या सात आठवड्यांचा हिशोब कर. सेट हातात यायच्या आधी दोन-तीन आठवडे त्याची कार्डं दाखवायला सुरुवात होते, म्हणजे तू जो सेट आत्ता कुठे समजून घ्यायला लागलायस, ड्राफ्टमध्ये (पाकिटं फोडून आळीपाळीने एकेक कार्ड निवडायचं आणि त्यातूनच डेक बांधून खेळायचं) कार्डांचा कुठला रंग बरा, कुठलं साधं दिसणारं कार्ड खरं भारी आहे हे आत्ता कुठे कळायला लागलंय, तेवढ्यात सगळे पुढच्याबद्दल बोलायला लागतात. लक्ष देऊन खेळायला उरतात चार आठवडे, तेही तुला दर आठवड्याला वेळ मिळाला तर. मी ज्या दुकानात खेळायला जाते तिथे आता लोक समोरच्याचं कार्ड उचलून वाचतात आणि विचारतात हे कधी आलं? आणि जो ते खेळलाय त्यालाही आठवत नसतं.

तू म्हणशील नाही आवडत तर नका घेऊ, जबरदस्ती कुठेय. जबरदस्ती नाहीये, मान्य. पण समोरचा जे खेळतो ते तुला माहीत तर पाहिजे ना. पूर्वी स्टँडर्डमध्ये साधारण दोन वर्षांची कार्डं चालायची आणि वर्षाला चारेक सेट यायचे, म्हणजे एका वेळी पाच ते आठ सेट डोक्यात ठेवायचे. 2023 मध्ये कंपनीने ती मुदत तीन वर्षं केली. खेळाडूंनी घेतलेली कार्डं जास्त दिवस वापरता यावीत म्हणून केली आणि तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. पण वर्षाला सहाच्या हिशोबाने तीन वर्षांचे किती? अठरा. बहुतेक सेटमध्ये अडीचशेच्या वर कार्डं. बरं नुसतं पाठांतर असतं तर एक वेळ चाललं असतं, इथे प्रत्येक नवं कार्ड आधीच्या हजारो कार्डांबरोबर काय करेल हे कुणीतरी तपासायला लागतं, आणि सेट वाढले की तपासणाऱ्यांचं कामही वाढतं. 30 जून 2025 ला स्टँडर्डमधली सात कार्डं एका दमात बॅन झाली, म्हणजे त्या प्रकारात चालेनाशी झाली, आणि फायनल फँटसीतलं विवी नावाचं कार्ड जूनमध्ये आलं ते नोव्हेंबरमध्ये बॅन. ज्यांनी महागात घेतलं त्यांनी काय करायचं!

त्याच्या आधीच्या वर्षीचं नाडूचं तर तुला माहितीच असेल. मॉडर्न होरायझन्स 3 ह्या सेटमधल्या कार्डावरचा तो पक्षी. जून 2024 मध्ये आला, लगेच ॲम्स्टरडॅमच्या प्रो टूरमध्ये त्याच्याच डेकने स्पर्धा जिंकली, आणि ऑगस्टमध्ये मॉडर्न ह्या, जुनी कार्डंही चालतात त्या प्रकारातून बॅन झाला. नंतर डिझायनरनेच लिहिलं की कार्ड अगदी शेवटच्या टप्प्यात बदललं होतं आणि बदलल्यावर ते खेळून बघितलंच नव्हतं. त्याने कबूल केलं ह्याचं मला कौतुक वाटलं. पण कॅलेंडर असं खच्चून भरलं की शेवटच्या टप्प्यात बदललेलं कार्ड परत खेळून बघायला दिवस आणायचे कुठून? हे मात्र माझं मत, कंपनीने असं काही म्हटलेलं नाही.

एक गोष्ट लोक नेहमी एकत्र करतात, तूही केलीस परवा. "कंपनी जास्त कार्डं छापते" असं सगळे ओरडतात. अरे जास्त प्रती छापणं वेगळं आणि जास्त सेट काढणं वेगळं. जास्त प्रतींचा त्रास जुना आहे. खेळ आला ऑगस्ट 1993 मध्ये, पहिले सेट दुकानात यायचे आणि संपायचे, मग नोव्हेंबर 1994 मध्ये फॉलन एम्पायर्स इतका छापला की त्याची पाकिटं पुढे कित्येक वर्षं पडेल भावात मिळायची. 1995 मध्ये क्रॉनिकल्स नावाने जुनी दुर्मिळ कार्डं परत छापली, तर जमवणाऱ्यांनी असा आरडाओरडा केला की 1996 मध्ये कंपनीला रिझर्व्ह्ड लिस्ट काढायला लागली, म्हणजे अमुक कार्डं परत कधीच छापणार नाही असं वचन. ते वचन अजून चालू आहे आणि त्यापायी ती जुनी कार्डं आता आपल्यासारख्यांनी फक्त फोटोत बघायची. तर मला विचारशील तर प्रती भरपूर छाप म्हणावं, रिप्रिंट कर, कार्ड स्वस्त झालं की चार जास्त माणसं खेळतात. माझी तक्रार आहे ती वेगवेगळे सेट किती काढता ह्याची. एकाच सेटच्या दुप्पट प्रती छापल्या तर माझ्या डोक्यावर काही ओझं पडत नाही. दुप्पट सेट काढले की पडतं.

दुकानदारावर तर माझ्या दुप्पट पडतं. त्याला डिस्ट्रिब्युटरकडे ऑर्डर महिनोन्‌महिने आधी द्यायला लागते, तेव्हा सेटमधली कार्डं कुणी बघितलेलीही नसतात, नुसतं नाव माहीत असतं. सेट गाजणार असेल तर त्याने मागितलेल्यापेक्षा कमी माल मिळतो, आणि पडणार असेल तर मागितला तेवढा सगळा येऊन दारात उभा. पूर्वी पडलेला सेट विकायला तीन महिने तरी हातात असायचे, हळूहळू ड्राफ्ट लावून लावून संपवायचा. आता पुढच्याचे पैसे भरायची वेळ येते तेव्हा मागच्याचे बॉक्स तसेच शेल्फवर, मग ऑनलाइन मोठे विक्रेते भाव पाडतात आणि ह्यालाही खरेदीच्या खाली विकायला लागतं. आमचा दुकानदार गमतीत म्हणतो की मी कार्डं विकत नाही, तारखा विकतो. त्याच्याकडे प्री-रिलीजला, म्हणजे सेट विक्रीला यायच्या आधीच्या पहिल्या खेळाला, गर्दी असते, आणि तिसऱ्या आठवड्यात ड्राफ्टला आठ माणसं जमवायला तो मेसेजवर मेसेज टाकत असतो.

मग कंपनी असं का करते? कारण खप होतोय, दुसरं काय. मॅजिक बनवणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टला हॅस्ब्रोने 1999 मध्ये विकत घेतलं. हॅस्ब्रो मूळची खेळणीवाली, आणि खेळण्यांचा धंदा मंदावलेला, डिसेंबर 2023 मध्ये तर 1,100 माणसं कमी करतोय म्हणून जाहीर केलं. मॅजिक मात्र 2022 मध्येच त्यांचा पहिला एक अब्ज डॉलरचा ब्रँड झाला होता. फायनल फँटसीने एका दिवसात 20 कोटी डॉलर आणले असं त्यांच्या सीईओनेच सांगितलं, आणि हे सीईओ ख्रिस कॉक्स आधी विझर्ड्सचेच प्रमुख होते, त्यांना कुठली नळी उघडली की पाणी येतं ते पक्कं माहितीये. नोव्हेंबर 2022 मध्ये बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकाने कंपनी मॅजिकचा अतिरेक करतेय, ब्रँड मारतेय म्हणून शेअरचं रेटिंग खाली आणलं होतं. त्याच महिन्यात तिसाव्या वर्षाचं म्हणून चार पाकिटं 999 डॉलरला काढली होती, आतली कार्डं नशिबावर आणि अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत ती नाहीतच! तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं आता तरी आवरतील. त्यानंतर फायनल फँटसी आला आणि सगळ्यात जास्त खपला. म्हणजे ह्या खेळाचा शेवट आला वगैरे जे दर सहा महिन्यांनी लोक म्हणतात त्यावर मी विश्वास ठेवत नाही. खेळ कुठे जात नाही, थकतायत ती माणसं.

आणि खरं सांगू, त्या फायनल फँटसीमुळे आमच्या दुकानात पंधरा वर्षांत कधी कार्ड हातात न धरलेले लोक आले, त्यातले काही अजून येतात. त्यामुळे बाहेरच्या गोष्टींवरचे, म्हणजे फायनल फँटसी हा व्हिडिओ गेम तसे, सेट नकोच असं मी म्हणणार नाही, जुने खेळाडू म्हणतात तसं. पण त्या नव्या माणसाने शिकून पहिला डेक बांधला आणि दोन महिन्यांत कोळीमानव आला, अजून दोन महिन्यांत अवतार. त्याला जो आवडला होता तो सेट गेला कुठे? आधी चांगला वर्षभर खेळू दे की त्याला.

आता तुझ्या मनातलं दुसरं, जे तू स्पष्ट विचारलं नाहीस पण मला कळलं. बॉक्स न फोडता ठेवायचा आणि नंतर विकायचा. तुझा मित्र सांगतोय ना की एक कार्ड वीस लाख डॉलरच्या आसपास गेलं? गेलं, खरंय. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या सेटमधलं, खास आवृत्तीचं एकच छापलेलं वन रिंग, 2023 मध्ये, पोस्ट मलोन ह्या गायकाने घेतलं. जगात एकच होतं म्हणून गेलं. बाकी आता एकाच कार्डाचे साधं, बिनबॉर्डरचं, वेगळ्या चित्राचं, चकचकीत फॉइल, त्यात परत वेगळं फॉइल असे प्रकार निघतात, 2019 पासून त्यासाठी कलेक्टर बूस्टर म्हणून महागडं पाकीटच वेगळं आहे. इतके दुर्मिळ प्रकार दर दोन महिन्यांनी आले तर पाच वर्षांनी कुणाला कुठला आठवणार? जुन्या बॉक्सना भाव आला कारण तेव्हा लोकांनी ते खेळून फोडले आणि कुणी साठवले नाहीत. आता सगळेच साठवतायत. पोकेमॉनचं तर बघ, मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात 10 अब्जांच्या वर कार्डं छापली आणि तरी दुकानात शेल्फ रिकामे, कारण अर्धे लोक खेळायला घेत नाहीत, विकायला घेतात. छोट्या मुलाला पाकीट मिळत नाही. तर तू तसा होऊ नकोस, ताईचं एवढं ऐक.

मी काय म्हणते, बॉक्सऐवजी तुम्ही सगळे मिळून क्यूब का नाही करत? म्हणजे आपणच निवडलेल्या कार्डांचा एक कायमचा गठ्ठा, प्रत्येक कार्ड एकदाच, तो पिसायचा, पाकिटं बनवायची, ड्राफ्ट करायचा, खेळायचं आणि झालं की सगळं परत गठ्ठ्यात. आठ जणांना प्रत्येकी पंधराची तीन पाकिटं म्हणजे 360 कार्डं लागतात. तेच गठ्ठे लोक वर्षानुवर्षं खेळतात आणि कंटाळत नाहीत. नवा सेट आला की त्यातली आवडतील ती दोन-चार कार्डं सुटी घ्यायची आणि तेवढीच जुनी काढायची. घाई कुणालाच नाही. साधी कार्डं घेतली तर सगळं मिळूनही एका कलेक्टर बॉक्सच्या कितीतरी खाली बसेल, आणि माझ्याकडे डबे भरून साधी कार्डं पडलीयेत, त्यातली निम्मी तरी निघतील.

तुमच्यात नेहमी येणारे किती जण आहेत ते कळव. सहाच असतील तर 270 वर भागेल, मग वजन पण कमी. आणि निळा रंग कुणाला आवडत नाही तेही विचार, मागच्या वेळी तुम्ही सगळे लाल रंगच घेऊन भांडत होतात म्हणे. यादी मी करायला घेतलीये.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई