वायर बदलून गाणं बदलत नाही

संपादक महोदय, स. न. वि. वि.

मडगावात एका दुकानात मला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसाठी 22 हजारांची पॉवर कॉर्ड (प्लगाला लावायची वायर) दाखवली, म्हणे आवाज खुलतो. अहो, या स्पीकरात होतं काय, तर दोन जाळीदार प्लेटींच्या मधे एक पातळ फिल्म असते आणि प्लगातली वीज फक्त त्या फिल्मवर काही हजार व्होल्टचा चार्ज टिकवायला लागते, करंट अगदी नावापुरता. गाण्याचा सिग्नल ॲम्प्लिफायरकडून वेगळ्या वायरीने येतो! 1957 साली क्वाड या ब्रिटिश कंपनीने असा स्पीकर काढला, तेव्हापासून तत्त्व हेच.

तरी ती कॉर्ड दोन दिवस मागून घेतली, केसरबाई केरकरांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, मेव्हण्याला वायरी बदलायला बसवलं आणि मी पाठ फिरवून ऐकलं, कुठली वायर लावलीय ते दहापैकी पाचदा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. (मेव्हणा अजून हसतोय.)

हां, पावसाळ्यात आमच्या फोंड्यात दमट हवेने नि धुळीने चार्ज गळतो, आवाज बसतो, कधी चरचर येते, ते मात्र खरं. तेव्हा पैसे घालायचेच तर डीह्युमिडिफायरवर (हवेतला दमटपणा काढणाऱ्या यंत्रावर) घाला आणि अर्थिंग तपासून घ्या. कॉर्ड मी परत केली, दुकानदार अजून फोन उचलत नाही.

– एक वाचक, फोंडा