पुठ्ठ्याच्या मोटारीला प्रदर्शनात तिची जागा मिळावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील शाळांमधून विज्ञान आणि हस्तकलेची प्रदर्शने भरतात. अशाच एका प्रदर्शनात यंदा मराठी माध्यमात नववीत शिकणाऱ्या एका मुलाने पुठ्ठ्याची रेसिंग कार मांडली होती. गाडी वीतभर लांबीची, प्रमाण 1:24, म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट इथे अर्ध्या इंचाचा. संयोजकांनी ती 'टाकाऊपासून टिकाऊ' या विभागात बाटल्यांच्या फुलदाण्यांशेजारी ठेवली आणि मुलाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिले. फुलदाण्या करणाऱ्या मुलांच्या कौतुकात मला काहीही कमी करायचे नाही. परंतु ज्या कामात प्रत्येक भाग मोजून, आखून आणि हिशेब करून कापलेला आहे, त्याचे मूल्यमापन निव्वळ 'साहित्य पुठ्ठा आहे' एवढ्यावरून व्हावे, हे मला पटले नाही. संयोजकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना या कामाची ओळख नव्हती असे वाटते, म्हणून ती करून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, पॅटर्न शॉपमध्ये झाली. ओतकामासाठी लाकडाचा पॅटर्न (ज्यावरून साचा तयार होतो तो नमुना) करताना बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होऊन सुमारे एक टक्का आकसते हे धरून माप वाढवावे लागते, साच्यातून पॅटर्न अलगद निघावा म्हणून बाजूंना उतार द्यावा लागतो, आणि ड्रॉइंगवरची सपाट रेघ वस्तूत उतरताना कशी बदलते याचा विचार सतत डोक्यात ठेवावा लागतो. त्या नजरेने मी ही गाडी पाहिली आणि बराच वेळ तिच्यापाशी उभा राहिलो.

मुलाने निवडलेली गाडी साधीसुधी नव्हती. टायरेल पी 34 ही फॉर्म्युला वन शर्यतीतली सहा चाकांची गाडी डेरेक गार्डनर यांनी आखली आणि ती 1976 साली शर्यतीत उतरली. पुढे चार लहान आणि मागे दोन मोठी चाके, अशी तिची रचना होती. त्या काळी पुढच्या चाकांच्या रिम 13 इंचांच्या असत. गार्डनर यांनी त्या 10 इंचांवर आणल्या, म्हणजे चाके नाकाच्या रुंद आवरणामागे झाकली जातील आणि वाऱ्याचा अडथळा कमी होईल. चाक लहान केले की रस्त्याला टेकणारा रबराचा भाग घटतो, तो भरून काढण्यासाठी दोनाऐवजी चार चाके आली, आणि ती चारही स्टिअरिंगबरोबर वळत असत. 1976 च्या स्वीडिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत जोडी शेक्टर पहिला आणि त्याचाच सहकारी पात्रिक दपायी दुसरा आला. पुढे लहान टायरांचा विकास मोठ्या टायरांच्या बरोबरीने झाला नाही आणि 1977 मध्ये गाडी मागे पडली. 1983 पासून तर चाराहून अधिक चाकांना नियमानेच बंदी आली. चालकाला आपली छोटी चाके दिसावीत म्हणून कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या ठेवल्या होत्या. या मुलाने त्या खिडक्या शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक कागदाने बसवल्या होत्या आणि त्यांतून आतले चाक खरोखर दिसत होते.

आता कामाच्या गाभ्याकडे येतो. कागद एका दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, परंतु एकाच वेळी दोन्ही दिशांनी गोलाई देता येत नाही. नारळाला कागद गुंडाळून पाहावा, सुरकुत्या पडतातच. न ताणता आणि न फाडता सपाट पृष्ठाचा गोल करता येत नाही, यामागचे गणित गाऊसने 1827 साली मांडले. त्यामुळे पुठ्ठ्याची गाडी करणाऱ्याला आधी ठरवावे लागते की, खऱ्या गाडीच्या अंगावरची कोणती गोलाई नळी म्हणून चालेल, कोणती शंकूच्या तुकड्यांत वाटावी लागेल आणि कुठे पाकळ्या काढून जोडाव्या लागतील. टायरेलचे नाक रुंद आणि बरेचसे सपाट असल्याने ते साधते; चालकाच्या हेल्मेटला मात्र पाकळ्यांशिवाय गत्यंतर नाही. या मुलाच्या हेल्मेटवरचे जोड बोटाने चाचपल्याशिवाय कळत नव्हते.

मागे उघडे दिसणारे इंजिन हा त्याहून अवघड भाग. पी 34 मध्ये कॉसवर्थचे तीन लिटरचे आठ सिलिंडरांचे डीएफव्ही इंजिन होते, ज्याने 1967 पासून दीडशेहून अधिक ग्रां प्री जिंकून दिल्या. त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारे आठ कर्णे दोन रांगांत उभे असतात. प्रत्येक कर्णा म्हणजे शंकूचा तुकडा, आणि शंकू उलगडला की वर्तुळाची फाक मिळते. फाकेचा कोन किती घ्यायचा याचे सूत्र सोपे आहे: पायाच्या त्रिज्येला तिरक्या उंचीने भागून 360 ने गुणायचे. त्रिज्या 3 मिलिमीटर आणि तिरकी उंची 12 असेल तर फाक 90 अंशांची, बरोबर पाव वर्तुळ. सूत्र पाठ असणारे पुष्कळ भेटतात. ते वापरून करंगळीच्या नखापेक्षा लहान आठ कर्णे एकसारखे काढणारा मुलगा मला पहिल्यांदाच भेटला.

चाकांचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाइंडिंगच्या राखाडी पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून चाकाचा गाभा करतात, मधून बोल्ट घालून तो हँड ड्रिलमध्ये धरतात आणि पॉलिश पेपरने गोल करतात. त्यावर काळ्या कार्डशीटची पट्टी गुंडाळायची असते. गाभ्याचा व्यास 28 मिलिमीटर असेल तर शाळेतल्या सूत्राने परीघ 88 येतो, आणि तेवढीच पट्टी कापली तर तिची टोके एकमेकांना भिडत नाहीत. कारण पट्टीला स्वतःची जाडी आहे. दोनशे जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचे) कार्डशीट साधारण पाव मिलिमीटर जाड असते, आणि वाकताना त्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, मधला थर तेवढा आपली लांबी राखतो. माप त्या मधल्या थराचे घ्यावे लागते. तो हिशेब केला की पट्टी पाऊण मिलिमीटरने वाढते आणि जोड बंद होतो. पाऊण मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण 24 पटींनी मोठ्या खऱ्या गाडीवर ती जवळजवळ दोन सेंटीमीटरची फट झाली असती. पत्रा वाकवण्यापूर्वी उद्यमबागेत आणि मच्छेत फॅब्रिकेशनवाले हाच हिशेब करतात. तो नववीतल्या मुलाने स्वतः शोधून वहीत मांडला होता. ती वही मॉडेलच्या बाजूलाच ठेवलेली होती, पण परीक्षकांनी ती उघडली नाही.

कागदाची दिशा हाही असाच एक विषय आहे. कारखान्यात कागद यंत्रावरून सरकताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेने बसतात. त्या दिशेला समांतर अक्ष धरून गुंडाळले तर नळी सुबक होते, आडवे धरले तर पुठ्ठा मोडतो आणि पृष्ठावर बारीक चिरा दिसू लागतात. चाके गाडीच्या अंगाला जोडणारे सस्पेन्शनचे दांडे सुईभोवती पातळ कागद गुंडाळून केले होते, तेही या नियमानेच सरळ राहिले. आपल्याकडे पावसाची अडचण वेगळी. खानापूर आणि त्याच्या पश्चिमेकडे आषाढ-श्रावणात हवा इतकी ओलसर असते की कापून ठेवलेले भाग रातोरात वाकतात. शिवाय फेविकॉलमध्ये पाणी असल्यामुळे तो जाड लावला की पुठ्ठा फुगतो. म्हणून टूथपिकच्या टोकाने अगदी थोडा लावायचा, भाग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि मोठी जोडणी दिवाळीनंतर कोरड्या हवेत करायची. घडीची रेघ शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्यायची, कापलेली पांढरी कड त्याच रंगाने रंगवून घ्यायची, हे बारकावेही आहेतच. शेवटचा तर अनेक जण वगळतात आणि मग चांगले केलेले मॉडेलही लांबून कागदी दिसते.

हे सर्व इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, या कामातून जे शिक्षण मिळते ते इथल्या मुलांच्या पुढच्या वाटेवरच पडलेले आहे. आपल्या मराठी शाळांतून दहावी झालेली कितीतरी मुले आयटीआय, डिप्लोमा आणि अभियांत्रिकीकडे जातात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभियांत्रिकी ड्रॉइंगमध्ये घनाकृतींची पृष्ठे उलगडून सपाट काढण्याचा भाग असतो, आणि खेड्यातून आलेल्या मुलांना तो फार जड जातो, हे मी शेजारीपाजारी पाहतो. प्रश्नपत्रिकेत प्रिझम आणि शंकू कापलेले दिसतात, परंतु तो कागद एकदाही हातात घेऊन वळवलेला नसतो. ज्याने आठ कर्णे कापून चिकटवले, त्याला ती आकृती डोळे मिटूनही दिसेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत ड्रॉइंग शिकवत होते आणि त्यांनी 1888 साली सायकलचे दुकान काढले ते याच बेळगावात. तिथून लोखंडी नांगरापर्यंतचा त्यांचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. आखलेली रेघ आणि हाताने केलेली वस्तू यांचे नाते या गावाला नवीन नाही.

मुलांच्या हातात कसब नाही असेही नाही. दिवाळीत शहापूर, वडगाव, अनगोळपासून कडोलीपर्यंत गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात, आणि त्यांतले काही तर नकाशा समोर ठेवून, बुरूज आणि दरवाजे जागच्या जागी दाखवून केलेले असतात. या हातांना मिलिमीटरची शिस्त लागायला फार खर्चही नाही. कार्डशीट, बाइंडिंगचा पुठ्ठा, कटर आणि पोलादी पट्टी एवढे साहित्य गणपत गल्लीत किंवा तालुक्याच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. कटर मात्र लहान मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये. पाचवी-सहावीपर्यंत कात्री पुरे, आणि कटरच्या वेळी मोठ्या माणसाने जवळ बसावे, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रदर्शन भरवणाऱ्या शाळांना आणि संस्थांना माझी विनंती अशी आहे की, प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा विभाग स्वतंत्र असावा, मग ती पुठ्ठ्याची असो, लाकडाची असो वा पत्र्याची. मॉडेलसोबत प्रमाण, मूळ वस्तूची मापे आणि आखणीची वही मागावी, आणि परीक्षकांनी निदान तीन-चार ठिकाणी स्केल लावून पाहावे. तयार कागदी किट आणून जोडलेले काम आणि स्वतः उलगडून आखलेले काम यांत फरक करावा; पहिल्यालाही गुण असावेत, पण दुसऱ्याला अधिक असावेत. शक्य असेल तर परीक्षकांत उद्यमबागेतील एखादा टूलरूमचा कारागीर किंवा आयटीआयचा निदेशक बोलवावा. बोलावले तर नाही म्हणणारे थोडेच निघतील.

दुसरी विनंती आपल्याला आहे. पोलंडमध्ये 1957 पासून मुलांसाठी एक मासिक निघत आले आहे, ज्याच्या पानांवर विमाने, जहाजे, मोटारी यांचे सुटे भाग छापलेले असतात. मूल ते कापून पूर्ण मॉडेल करते. महायुद्धात होरपळलेल्या, दुकानांत खेळणी अभावानेच मिळणाऱ्या त्या देशात कागदी मॉडेलकाम असे घरोघर पोहोचले. आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीपुरते अर्धे पान या कामासाठी मिळाले तर सीमाभागातल्या मुलांना मराठीतून क्रमवार कृती वाचायला मिळेल. सुटे भाग आकड्यांनी ओळखायचे असल्याने शेजारच्या कन्नड शाळेतली मुलेही सहज सोबत करू शकतील. वृत्तपत्राचा कागद पातळ असतो आणि खळ लावून पुठ्ठ्यावर डकवला की तो ताणला जातो, त्यामुळे पान थेट चिकटवू नये. कार्डशीटवर झेरॉक्स काढून घ्यावी. इथे एक काळजी अवश्य घ्यावी लागेल. झेरॉक्सच्या दुकानात पान बसवण्यासाठी आकृती नकळत तीन-चार टक्के लहान केली जाते, आणि एक पान लहान, दुसरे मूळ मापाचे, असे झाले की गाभा आणि पट्टी जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 100 मिलिमीटरची एक रेघ छापावी आणि कापायला बसण्यापूर्वी ती मोजण्याची सूचना ठळक अक्षरांत द्यावी.

सुरुवातीला सहा चाकांची गाडी नको. सपाट अंगाची, झाकलेल्या इंजिनाची आणि चार चाकांची एखादी सोपी रेसिंग कार पुरेल. तिचे सुटे भाग दोन ए-फोर पानांत बसतील अशा बेताने आखून देण्याची माझी तयारी आहे, त्याचा मोबदला नको. आखलेले भाग मी स्वतः आणि तो नववीतला मुलगा, दोघेही आधी जोडून पाहू, आणि जिथे अडेल तिथली रेघ सुधारूनच पान आपल्याकडे पाठवू.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
अनगोळ, बेळगाव