काजळीचा पाय उचलून बघणाऱ्या चाचांना

चाचा,

हे पत्र तुम्ही नातीकडून वाचून घेणार, हे मला ठाऊक आहे. बाळ, सावकाश वाच. आजोबा मधेच "बास कर" म्हणतील, पण तू थांबू नकोस.

काल सकाळी माझी वरातीची घोडी काजळी रंकाळ्याच्या कडेनं दुडक्या चालीनं आली. मान एकदाही उडाली नाही. दुखरा पाय टेकताना घोडं मान वर झटकतं, हे मला तुम्ही शिकवलंत. त्याआधी तीन आठवडे ती मान माझ्या डोळ्यांसमोर उडत होती आणि मला ती वाचता येत नव्हती.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी नवे नाल मारले आणि पाचव्या दिवशी ती पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागली. ज्यानं नाल मारले तो म्हणाला, खांदा धरलाय. त्यानं पाय उचलूनसुद्धा बघितला नाही. दुसऱ्यानं लांबूनच बघून वेदनेचं इंजेक्शन दिलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं तीनदा झालं. एकानं खांद्यावर डाग द्यायला सांगितलं, इळा तापवायचीसुद्धा तयारी झाली होती. आणि एक जण दावणीपाशी उभा राहून, तिच्यासमोरच, ती विकली तर किती येतील याचा हिशोब करत होता. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, वरातींचे विसार घेतलेले, ते मी परत करत होतो. पैशाचं दुःख होतंच. पण या सगळ्यांपैकी कुणीही तिच्या खुराला हात लावला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. तो जाईल असं वाटतही नाही.

तुम्ही आलात ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. पंचगंगेकडून धुकं आलं होतं, गोठ्याबाहेर शेकोटी होती. मी घाईनं म्हणालो, "चाचा, हा पाय." तुम्ही पायाकडे गेलाच नाहीत. शेकोटीपाशी उकिडवे बसलात आणि दोन्ही तळहात धरून राहिलात. मी पुन्हा घाई केली तेव्हा म्हणालात, "हात गार हायत रं. गार हात लागला की ती आधी मला भ्यायची, मग दुखणं कसं सांगंल?"

चाचा, मला तिथंच भरून आलं. घोडीला काही सांगायचं असेल, असं तीन आठवड्यांत कुणाच्या मनातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मग तुम्ही तिच्या मानेवरून हात फिरवत खाली आलात, खूर मांडीवर घेतला, आणि माझी दोन बोटं धरून घोट्याच्या मागं टेकवलीत. नाडी थाडथाड उडत होती. दुसऱ्या पायाला ती हाताला लागतसुद्धा नव्हती. चिमट्यानं कडेकडेनं दाबत गेलात आणि बाहेरच्या बाजूच्या एका खिळ्यापाशी ती शहारली. तो खिळा निघाला तो ओला, काळा, घाण वासाचा. खिळा जिवंत भागाला लागून आत पू धरला होता. इतकंच होतं ते. तो पू बाहेर काढलात तेव्हा तिनं सोडलेला लांब श्वास मी अजून विसरलेलो नाही. त्याच दिवशी धनुर्वाताची सुई द्यायला लावलीत, त्यासाठी डॉक्टरांना फोनही तुम्हीच केलात.

पुढचा सगळा हिवाळा तुमच्या शब्दावर चालला. खाली उसाच्या पाचटाचा जाड थर, म्हणजे ती निवांत आडवी होईल आणि सगळा भार सोसणाऱ्या डाव्या पायालाही विसावा मिळेल. चंदी, म्हणजे दाणा, कमी. गूळ बंद. गुऱ्हाळं पेटली की येणारा-जाणारा प्रेमानं ढेप पुढं करतो, त्यांना नाही म्हणणं मला जड गेलं. पण उभ्या घोड्याला गोड आणि दाणा जास्त झाला की चांगले खूरही सुजतात, हे तुम्ही बजावलं होतं. मग ऊन वर आल्यावर मऊ मातीत दहा मिनिटं हातात धरून चालवणं, नंतर पंधरा, नंतर वीस. डिसेंबरात मी घाई केली, ती पुन्हा अडखळली, मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही रागावला नाहीत. "खूर महिन्याला नखभर वाढतंय, तू कशाला पळतोस?" एवढंच म्हणालात, आणि संध्याकाळी सायकलवरनं येऊन बघून गेलात.

पैसे विचारले तर, "वरातीला उभी राहू दे." घरातल्यांनी जबरदस्तीनं चहा दिला, तोही अर्धाच घेतलात.

या शहरात मोठेपणा मिरवणारी माणसं मी खूप बघितली, वरातीच्या पुढं चालताना तर रोजच. पण मुक्या जनावरासमोर, कुणी बघत नसताना, आधी हात शेकून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. असा माणूस आपल्या गल्लीत राहतो, याचा मला अभिमान वाटतो.

येत्या रविवारी नवे नाल मारायचे आहेत. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात तिचा पाय देणार नाही. आणि एक सांगायचं राहिलं. आजारपणात तिचे काठियावाडी कान बाजूला पडलेले असायचे. काल रस्त्यात तुमच्या सायकलची घंटी वाजली तेव्हा तिनं ते उभे केले. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली होती.

तुमचा,
काजळीचा मालक