सोलापूरचे संशोधन आक्रसू देऊ नका : उच्चशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ हवेच कशाला, हा प्रश्न आजही ऐकू येतो. १ ऑगस्ट २००४ रोजी शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन सोलापूर विद्यापीठ उभे राहिले. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. मी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि पीएच.डी.ची मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहे. हा प्रश्न कुणी विचारला की मी सांगते, इथल्या प्रबंधांचे नुसते विषय वाचून या.

केगावच्या आवारात पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी काचेच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवत असतो. असा थर पुढे वायू ओळखणाऱ्या संवेदकात किंवा सौरघटात उपयोगी पडतो. भूशास्त्रवाला बेसॉल्टच्या भेगांत पाणी कुठे साठते ते शोधत सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर फिरतो. वाणिज्यात साखर कारखाने आणि यंत्रमाग, समाजशास्त्रात विडी वळणाऱ्या बायका, मराठीत संतसाहित्य आणि दलित साहित्य. ज्या शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः कन्नड वचनकार होते आणि ज्याच्या पूर्व भागात मागाच्या खडखडाटात तेलुगू बोलली जाते, तिथे भाषेच्या अभ्यासकाला विषय शोधत हिंडावे लागत नाही.

विषय किती पडून आहेत याचे एकच उदाहरण देते. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी मानला जातो. तो उजेडात आणला आनंद कुंभार यांनी. गावोगाव हिंडून, दगडावरचा चुना खरवडून अक्षरे वाचण्याची त्यांची चिकाटी सोलापूरला माहीत आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. पण हळेकन्नड म्हणजे जुनी कन्नड आणि जुनी मराठी दोन्ही वाचू शकेल असा तरुण अभ्यासक या जिल्ह्यात घडवायचा, तर त्याला शिकवणारा कायम नेमणुकीचा माणूस लागतो. माझे आजचे गाऱ्हाणे याच माणसाबद्दल आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. मार्गदर्शक कायम सेवेतला असावा लागतो. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरला की नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे नियम चांगले आहेत, ते बदला असे मी म्हणणार नाही. मार्गदर्शक अर्ध्या वाटेत निघून गेला तर विद्यार्थ्याचे हाल होतात. पण याच नियमांशेजारी भरतीची स्थिती ठेवून पाहा. एखादा प्राध्यापक निवृत्त होतो, पद रिकामे राहते, वर्ग चालावेत म्हणून तासिका तत्त्वावर कुणाला तरी घेतले जाते. ती व्यक्ती नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली असते, अनेकदा पीएच.डी.सुद्धा असते, मनापासून शिकवते. मात्र ती मार्गदर्शक होऊ शकत नाही. वेळापत्रक भरलेले दिसते, आणि त्याच वेळी त्या विषयातले संशोधन थांबलेले असते. हे कुठल्याच अहवालात दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मोठ्या विद्यापीठात एक मार्गदर्शक गेला तर दुसरा असतो. आमच्याकडे अनेक विषयांत एका विशिष्ट कामाचा जाणकार एकच असतो. तो गेला की त्याच्या प्रयोगशाळेतले उपकरण झाकून ठेवले जाते, त्याने जमवलेल्या नोंदी कपाटात जातात, आणि पुढच्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याला जो मार्गदर्शक मोकळा आहे त्याचा विषय घ्यावा लागतो. संशोधनाचा पसारा असा दर वर्षी थोडा थोडा कमी होतो.

माझ्याच विषयातले सांगते. १९८०च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले आणि ज्वारीच्या या जिल्ह्यात ऊस पसरला. माझ्या एका विद्यार्थिनीने डाव्या कालव्याच्या गावांतली बदललेली पिके अभ्यासली. त्यातून पुढचा प्रश्न निघाला : कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोहोचत नाही आणि वरच्या अंगाला मात्र जमीन क्षारपड होत चालली आहे, या दोन्हींचा एकमेकांशी संबंध किती? करमाळ्याकडची एक हुशार मुलगी हा विषय घेऊन माझ्याकडे आली. घरची शेती कालव्याखालची, सातबारा आणि पाणीपाळीचा हिशेब तिला तोंडपाठ. निवृत्ती जवळ आल्याने मला तिला घेता आले नाही. ओळखीच्या इतर मार्गदर्शकांच्या जागा भरलेल्या होत्या. ती सध्या एका खासगी क्लासमध्ये शिकवते आहे. मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरली जाईल याची खात्री मला आज कुणीही देऊ शकत नाही, आणि तो प्रश्न मात्र शेतात तसाच राहणार आहे.

आणखी एक अडचण आहे. सोलापूरवर होणारे संशोधन एका छताखाली नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे. २००५पासूनचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावातच, आमच्या विद्यापीठाच्या जवळ आहे, पण ते दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे. परिणाम असा की विडी कामगार बाईच्या मजुरीवर प्रबंध लिहिणाऱ्याला तिच्या फुफ्फुसांवर कुणी काम केले आहे का, हे सहज कळत नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा अभ्यास एकीकडे, आणि बाग काढून टाकलेल्या शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यास दुसरीकडे. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी कित्येक दशके शेतकऱ्यांनी टिकवली. ती का टिकली, भाकरीला आणि कडब्याला तीच का लागते, हे सांगायला शेतीशास्त्र, अर्थशास्त्र आणि घरातल्या बाईचे ज्ञान तिन्ही एकत्र यावे लागतात. नान्नजच्या माळरानाचेही तसेच. माळढोकासाठी १९७९मध्ये अभयारण्य झाले, आज तो पक्षी दिसला तर बातमी होते. पक्ष्याचा, गवताचा आणि त्या गवतावर जगणाऱ्या मेंढपाळाचा अभ्यास वेगवेगळ्या कपाटांत ठेवून हाती काही लागणार नाही.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी थोडकी आहे. प्राध्यापक भरतीला मंजुरी देताना केवळ शिकवण्याच्या तासांचा कार्यभार पाहू नका. कोणत्या विषयातला शेवटचा मार्गदर्शक पुढच्या तीन वर्षांत निवृत्त होतो आहे, याची यादी विद्यापीठाकडून मागवा आणि ती पदे आधी भरा. नवा माणूस जुना जाण्यापूर्वी रुजू झाला तर नोंदी, उपकरणे आणि विद्यार्थी त्याच्या हाती सोपवता येतील. तासाला पैसे मोजून हे काम होत नाही.

दुसरे, प्रत्येक प्रबंधासोबत चार-पाच पानांचा सोप्या मराठीतला गोषवारा अनिवार्य करा, जिल्ह्याशी संबंधित सर्व विद्यापीठांचे आणि केंद्रांचे गोषवारे एकत्र ठेवा, आणि ते ग्रामपंचायती, महापालिका व तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत पोहोचवा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध चढवले जातात ही मोठीच सोय आहे. पण भूजलावरचा इंग्रजी प्रबंध तिथे आहे हे बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला कोण सांगणार? ज्यांनी आपल्या विहिरीची खोली, मजुरी, आजार संशोधकाला विश्वासाने सांगितले, त्यांना त्यातून काय निघाले हे कळण्याचा हक्क आहे. पूर्व भागासाठी तेलुगूत आणि अक्कलकोटसाठी कन्नडमध्येही काही गोषवारे व्हावेत.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या वेळेवर मिळाव्यात हे तर आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या सरकारला वारंवार सांगितलेच आहे. मी त्यांच्यासोबत आहे, एवढेच इथे नोंदवते.

करमाळ्याच्या त्या मुलीची नोंदणी अजूनही होऊ शकते. भूगोलातल्या रिक्त पदांवर यंदा नेमणूक झाली तर माझ्याकडची कालव्यावरची सगळी टिपणे, नकाशे आणि गावनिहाय नोंदी मी नव्या मार्गदर्शकाच्या स्वाधीन करीन. आपल्या विभागाकडून लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातील एक प्राध्यापिका