आज्जाची एक ओळ सापडली

बेळगाव

प्रिय बाळ्या,

लढाईत गेलेल्या तुझ्या चुलत आज्जाची माहिती कुठं विचारायची म्हणून लिहिलंयस. सांगतो, पण आधी आमच्या आज्जाचं काय झालं ते ऐक, म्हणजे तुला फुकटचे हेलपाटे पडायचे नाहीत.

आमच्या घरात त्याच्याबद्दल एकच वाक्य चालत आलं, 'जर्मनच्या लढाईत होता.' आज्जी तर तो जर्मनीलाच जाऊन आला म्हणून सांगायची. आज्जाला विचारलं की तो तंबाखू मळायला घ्यायचा. ट्रंकेत लुगड्याच्या चिंधीत बांधलेले बिल्ले तेवढे होते. त्यातले दोन सहा टोकांचे तारे नीट पुसून बघितले, तर मधल्या वर्तुळाभोवती नावंच होती की! एक आफ्रिका स्टार, दुसरा इटली स्टार, दुसऱ्या महायुद्धात तिथं तिथं लढलेल्यांना मिळालेले. जर्मनीचा पत्ता नाही.

त्याच ट्रंकेत घडीवर फाटलेला डिस्चार्जचा कागद मिळाला. खरी किल्ली तीच. त्यावर आज्जाचा शिपाई म्हणून मिळालेला नंबर होता, आणि हा नंबर नसला तर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात काही हलत नाही बघ. आपल्याकडच्या एकेका गावात एकाच नावाचे चार-चार शिपाई भरती झालेले. आडनाव कधी लिहिलेलं, कधी नुसतं बापाचं नाव. इंग्रजी स्पेलिंग तर कारकुनाच्या कानावर. जुन्या कागदांत 'मराठा'च्या स्पेलिंगमध्येसुद्धा 'एच' भलत्याच जागी आहे, मग आपल्या गावांचं काय घेऊन बसलास.

आज्जा मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटमधला, आणि तिचं सेंटर आपल्या कॅम्पात 1922 पासून आहे. लहानपणी त्या भिंतीला लागून किती सायकली हाणल्या आपण! रेकॉर्ड ऑफिस तिथलंच. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं साल आणि नात्याचा पुरावा असा अर्ज दिला. मला पाहिजे होता शीट रोल. त्यात माणसाची सगळी नोकरी असते, बढती, रजा, शिक्षा, जखम, वारसाचं नाव. तो मिळाला नाही. ज्याला पेन्शन नाही, त्याचे कागद 25 वर्षं ठेवायचे आणि मग नष्ट करायचे असा नियम आहे. पैसेच द्यायचे नाहीत तर कागद कशाला सांभाळा, असा हिशोब असणार. लढाई संपल्यावर पलटणी कमी केल्या, तेव्हा आज्जासारखे कितीतरी जण पेन्शनशिवाय घरी आले. त्या सगळ्यांचं हेच.

पण लाँग रोल नावाचं रजिस्टर राहतं. त्यात आज्जाची एक ओळ निघाली. नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज. एवढंच. खरं सांगू, मी ती ओळ परत परत वाचली.

पुढचं काम मग पलटणीच्या नावावर केलं. आज्जाच्या कागदावर तिसरी पलटण आहे. ही पलटण 1941 च्या मार्चमध्ये पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरेनच्या डोंगरात होती. 15 मार्चच्या रात्री लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या हाताखाली तिनं 'पिनॅकल' नावाचा सुळका घेतला, आणि 27 तारखेला केरेन पडलं. समोर इटालियन होते. म्हणजे आज्जीच्या जर्मनच्या लढाईत पहिली गोळी इटालियनांवर! पुढं हीच पलटण इटलीत गेली. 10 जुलै 1944 ला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं पदक मिळवून तिथंच पडलेले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. आज्जा तेव्हा तिथंच कुठं होता की मागं दवाखान्यात, हे कुठलाच कागद सांगत नाही. पलटणींच्या रोजनिश्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ 169 या मालिकेत, इटलीच्या डब्ल्यूओ 170 मध्ये. पण त्यांत नावं साहेबांची. शिपाई तिथं बहुतेक आकड्यातच भेटतो.

आता तुझं. तुझा चुलत आज्जा इटलीतून परत आला नाही. वाईट वाटेल, पण शोधायला हे सोपं आहे. मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या लढाईतल्या कबरी-स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं नीट ठेवली आहे, संगणकावर फुकट बघता येते. बऱ्याच नोंदींत बापाचं, बायकोचं नाव आणि गावही असतं. एक मात्र ध्यानात ठेव. तुमचं गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात असलं तरी तेव्हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, 1956 ला तिकडं गेला. कोल्हापूर टाकून शोधत बसशील तर जन्मात सापडायचा नाही. 'बेलगाम' असं जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं टाक, आणि गावाच्या नावाची दोन-चार वेडीवाकडी रूपं करून बघ. कबर शोधू नको. आपल्या लोकांना अग्नी दिला, त्यामुळं नाव बहुतेक दहन-स्मारकावर असतं. तसं एक इटलीतल्या सांग्रो नदीच्या स्मशानभूमीत आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण 1943 च्या शेवटी त्याच नदीवर लढली, तो तिच्यात असू शकतो, म्हणून तिथून सुरुवात कर.

त्याच्या बायकोला पेन्शन बसली असेल तर तिचं पुस्तक शोध, त्यावर नंबर असतो. तुझ्या थोरल्या आत्याला विचार, पण फोनवर नको. गावी जा, तिच्यापुढं बस, आणि माळ्यावरची पेटी तिच्यादेखत उघड. ती गेल्यावर कोण सांगणार की फोटोतला पगडीवाला कुठला?

नंबर मिळाला की मला कळव, कॅम्पातला अर्ज मी इथून देतो. वारसाच्या दाखल्याची झेरॉक्स तेवढी सही करून पाठव. आणि चंदगडहून निघताना काजू आण, मागच्या खेपेला विसरलास.

तुझाच,
दाद्या