उपनगरांतील मोकळ्या जागा रहिवाशांच्या वापरात आणाव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी ही गावे १९८२ मध्ये नाशिक महापालिका स्थापन झाली तेव्हाच शहराच्या हद्दीत आली. परंतु तेथील द्राक्षबागा आणि भाजीपाल्याचे मळे जाऊन बहुमजली इमारतींची दाट वस्ती झाली ती प्रामुख्याने गेल्या दोन दशकांत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार आणि दिंडोरी-निफाडकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली शेतकरी कुटुंबे आज येथे शेजारी म्हणून राहतात. या वाढीचे मी स्वागतच करतो. मात्र घरे झाली, तशी घराबाहेर बसण्या-खेळण्याची सोय झाली नाही, याची खंत वाटते.

२०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडणे बंधनकारक आहे. म्हणजे जागा नाही असे नव्हे. ती नकाशात आहे. आमच्या म्हसरूळच्या लेआउटमधील अशा जागेला तारेचे कुंपण आहे, फाटक गंजले आहे, आत कमरेइतके गाजरगवत आणि कुणी रात्रीतून आणून टाकलेला बांधकामाचा राडारोडा आहे. मुले पार्किंगमध्ये दुचाकींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात क्रिकेट खेळतात आणि चेंडू गाडीला लागला की मोठ्यांची बोलणी खातात. ज्येष्ठ नागरिक जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात, कारण गुडघेदुखीमुळे त्यांना दूरच्या उद्यानापर्यंत चालत जाणे झेपत नाही. मोठ्या उद्यानांची भूमिपूजने जरूर व्हावीत. पण रोजच्या जगण्याला हाकेच्या अंतरावरील चार झाडांची सावली अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

प्रशासनाने प्रभागनिहाय मोकळ्या जागांची यादी गट क्रमांकासह जाहीर करावी, म्हणजे त्यांवरील अतिक्रमण रहिवाशांच्या वेळीच लक्षात येईल. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरभर रस्त्यांची कामे निघत असताना खोदकामाची माती या जागांवर पडणार नाही, अशी अट ठेकेदारांना घालावी. पावसाळ्यापूर्वी राडारोडा उचलला गेल्यास कडुनिंब व करंजाची रोपे यंदाच लावता येतील. त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी लेखी स्वीकारण्यास आमच्या परिसरातील रहिवासी तयार आहेत. तसा अर्ज आम्ही दिला असून त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला,
एक रहिवासी,
म्हसरूळ, नाशिक